रामकुंडावरची वही आणि सर्व्हरवरची स्क्रिप्ट

गेल्या पितृपक्षात अकोल्याहून आलेल्या एका काकांना घेऊन रामकुंडावर गेलो होतो. आमचे तीर्थोपाध्याय वेगळे, त्यांचे वेगळे, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारत विचारत योग्य ओट्यापर्यंत पोचलो. गुरुजींनी दोनच प्रश्न विचारले. आडनाव काय, आणि मूळ गाव कोणतं? मग मुलाला आत पिटाळलं. तो कापडात बांधलेली एक आडवी, जाडजूड वही घेऊन आला. पानं उलटता उलटता गुरुजी एका जागी थांबले आणि काकांच्या पणजोबांचं नाव, त्यांच्याबरोबर कोण कोण आलं होतं, हे सगळं घडाघडा वाचून दाखवलं. जुनी नोंद मोडीत होती. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी नवी नोंद झाली: आज कोण आलं, मुलं कोण, नातवंडांची नावं काय. लेखणी मात्र सगळा वेळ गुरुजींच्या हातात. काकांनी खाली सही तेवढी केली.

त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, बटण दाबलं की काहीच होत नाही."

भाचा निफाड तालुक्यात राहतो, घरची द्राक्षबाग आहे. हंगामात गंगापूर रोड, इंदिरानगर भागातल्या सोसायट्यांमध्ये तो थेट पेट्या पोचवतो. व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी सांभाळताना दोन वर्षं त्याचा जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून त्यानं वेबसाइट करायला घेतली. गोडी छाटणी अजून व्हायची होती, हाताशी वेळ होता. व्हिडिओ बघून बघून त्यानं पान मांडायचं एचटीएमएल आणि ते सजवायचं सीएसएस शिकून घेतलं. पान दिसायला झकास झालं होतं. बागेचा फोटो, थॉमसन आणि शरद सीडलेसचे भाव, खाली नाव-पत्ता-पेट्यांचा फॉर्म आणि हिरवं बटण: 'ऑर्डर द्या'. बटण दाबलं की पान एकदा लुकलुकायचं आणि फॉर्म रिकामा व्हायचा.

"मग माझी ऑर्डर गेली कुठे?"

"कुठेच नाही. वरती पत्त्याच्या पट्टीत बघ."

पट्टीत वेबसाइटच्या पत्त्यापुढे एक प्रश्नचिन्ह आलं होतं आणि त्यानं भरलेलं सगळं त्याच्यापुढे चिकटलं होतं. ब्राउझरनं आपलं काम चोख केलं होतं. फॉर्ममधली माहिती गोळा करून सर्व्हरच्या, म्हणजे वेबसाइट जिथून चालते त्या कॉम्प्युटरच्या, दारात नेऊन ठेवली होती. दारात ती उचलून घेणारं कोणी नव्हतं. सर्व्हरनं तेच छापील पान पुन्हा हातात दिलं, इतकंच.

मी त्याला सकाळची रामकुंडावरची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "तुझ्याकडे घाट आहे, पाटी आहे, येणारे यजमानही आहेत. गुरुजी नाहीत."

सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांची फाइल, हेच हे गुरुजी. समोरचा येतो, आपलं आडनाव-गाव सांगतो. स्क्रिप्ट ते ऐकून घेते, आत जाऊन वही उघडते, त्या माणसापुरतं जे आहे ते शोधून काढते, त्याला कळेल अशा रूपात समोर ठेवते आणि गरज असेल तर नवी नोंद करते. वही म्हणजे डेटाबेस. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी क्लासमध्ये शेवटच्या आठवड्यात उरकून टाकतात: वही यजमानाच्या हातात कधीही द्यायची नाही. ती कशी हातातून निसटते ते पुढे सांगतो. भाच्याच्या हातून ती दोनदा निसटली.

आधी स्क्रिप्ट चालते म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. साधं एचटीएमएल पान म्हणजे छापलेलं पत्रक. कोणीही मागो, सर्व्हर तीच फाइल उचलून देतो. पीएचपी ही सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट लिहायची एक भाषा. तिची फाइल मागितली की मात्र सर्व्हर ती तशीच देत नाही, पीएचपीकडे सोपवतो. पीएचपी ती वरून खाली वाचत जातं. साधा मजकूर दिसला की जसाच्या तसा पुढे सोडतं. कोनी कंस आणि प्रश्नचिन्हानं सुरू होणारा तुकडा दिसला की तिथे थांबून त्यातल्या सूचना पाळतं, आणि सूचनांमधून जे उत्तर निघेल ते त्या जागी बसवतं. आपल्या नाशिक रोडच्या प्रेसमधून निघणाऱ्या नोटा आठवा. एकाच किमतीच्या नोटांवर चित्र तेच, रंग तोच, मजकूर तोच. नंबर मात्र प्रत्येकीवर वेगळा. पीएचपीची फाइल म्हणजे नंबराची जागा मोकळी ठेवलेली नोट. ज्या क्षणी कोणी पान मागेल त्या क्षणी तो नंबर पडतो.

भाच्याची पहिली स्क्रिप्ट दोन ओळींची होती. आजची तारीख छाप, आणि फॉर्ममध्ये भरलेलं नाव घेऊन 'नमस्कार' म्हण. ती चालल्यावर मी त्याला पानावर राइट क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' उघडायला लावलं. हे प्रत्येक शिकणाऱ्यानं एकदा करावंच. आत पीएचपीचा मागमूसही नव्हता. होतं ते नुसतं एचटीएमएल, तारीख आणि नाव आयतं बसवलेलं. ब्राउझरला कळतच नाही की मागे कोणी विचार केला होता. गुरुजी आतल्या खोलीत काय काय चाळून आले ते यजमानाला दिसत नाही, ओट्यावर येतं ते फक्त उत्तर.

जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेचं याच्या उलट. ती साधारणपणे पानाबरोबर समोरच्याच्या मोबाइलवर जाते आणि तिथे चालते. ती समोरच्याला वाचता येते, आणि हवी तर बदलताही येते. भाच्याला हा फरक तोंडपाठ होता. त्याचा अर्थ मात्र त्याला फेब्रुवारीत कळला.

इथे सुरुवातीला सगळ्यांचीच एक गंमत होते. भाच्यानं पीएचपीची फाइल डेस्कटॉपवर ठेवली आणि तिच्यावर डबल क्लिक केलं. ब्राउझरमध्ये कच्चा कोड दिसला आणि तो घाबरला. फाइल थेट उघडली तर मधे सर्व्हर येतच नाही, मग स्क्रिप्ट चालवणार कोण? त्यासाठी आपल्याच लॅपटॉपवर छोटा सर्व्हर बसवावा लागतो. झॅम्प नावाचं फुकट पॅकेज घेतलं की अपाची हा वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकदमच बसतात. फाइल त्याच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवायची आणि ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' लिहून ती मागवायची. लोकलहोस्ट म्हणजे स्वतःचंच मशीन, १२७.०.०.१. आपणच यजमान, आपणच गुरुजी. सरावाला याहून बरी जागा नाही, कारण इथे काहीही फोडलं तरी गावाला कळत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यानं कोडं सुटायला मदत होते. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडच्या सर्न प्रयोगशाळेत पहिली वेबसाइट चालवली तेव्हा, १९९१च्या सुमारास, वेब म्हणजे एकमेकांना जोडलेले कागदच होते. वाचा आणि पुढच्या कागदावर जा. १९९३मध्ये कॉमन गेटवे इंटरफेस, म्हणजे सीजीआय, ही सोय आली. सर्व्हरनं फॉर्ममधली माहिती एखाद्या प्रोग्रामला द्यायची आणि त्याचं उत्तर पान म्हणून परत पाठवायचं. कल्पना उत्तम, पण प्रत्येक मागणीला नवा प्रोग्राम पहिल्यापासून सुरू व्हायचा. दर यजमानासाठी घरून नवे गुरुजी बोलावून आणायचे आणि काम झालं की परत पाठवायचे, असा कारभार. रास्मुस लेरडॉर्फ या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या प्रोग्रामरला आपला बायोडेटा इंटरनेटवर कोण कोण बघून जातं ते मोजायचं होतं. त्यासाठी त्यानं १९९४मध्ये काही छोटी हत्यारं लिहिली आणि १९९५मध्ये 'पर्सनल होम पेज टूल्स' या नावानं सगळ्यांसाठी खुली केली. तेच पीएचपी. म्हणजे ही भाषा मुळात कोणी भाषा करायची म्हणून केलेलीच नाही. एका माणसाच्या खाजगी गरजेतून ती वाढत गेली. तिच्यातले बरेचसे वेडेवाकडे कोपरे त्यातून आलेत, असं मला वाटतं. पण मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी पीएचपीतच लिहिलंय, आणि वर्डप्रेसही. त्यामुळे नाकं मुरडणाऱ्यांकडे फार लक्ष देऊ नये.

"पण मामा, सगळे तर नोड शिका म्हणतात."

म्हणू देत. नोड म्हणजे जावास्क्रिप्टच सर्व्हरवर चालवायची सोय, रायन डाल यांनी २००९मध्ये आणली. पायथॉन या भाषेतलं, वेबसाइट करायचं जँगो २००५मध्ये खुलं झालं. तिन्ही चांगली आहेत. कॉलेज रोडवरून जाताना क्लासच्या पाट्या वाचल्या तर वाटेल, भाषा चुकली की आयुष्य चुकलं. खरं सांगायचं तर गुरुजी बोलतात मराठीत, हिंदीत की तेलुगूत, यानं वहीची पद्धत बदलत नाही. मागणी येते, तपासली जाते, वहीत शोधलं जातं, उत्तर जातं. हे एकदा अंगात मुरलं की दुसरी भाषा काही आठवड्यांत जमते. मी पीएचपीनं सुरुवात करायला सांगतो, कारण तिच्यात पहिलं यश पहिल्याच संध्याकाळी मिळतं, आणि साध्या स्वस्त होस्टिंगवरही, म्हणजे भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरवरही, ती बहुतेक आयती बसवलेली असते. फ्रेमवर्कला, म्हणजे नेहमीची कामं आयती करून देणाऱ्या तयार सांगाड्याला, मात्र पहिले दोन महिने हात लावू नये. फ्रेमवर्क सगळं लपवून ठेवतं. शिकताना जे उघडं पडायला हवं, नेमकं तेच.

आता वही. भाच्यानं आधी ऑर्डरी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिल्या, एका खाली एक. ठीक आहे, चारदोन दिवस तेही करून बघावं. पण 'इंदिरानगरात आज किती पेट्या' विचारलं की सगळी फाइल वरपासून चाळायची. रामकुंडावरच्या वह्या आडनाव-गावावार लावलेल्या असतात म्हणून मिनिटांत पान सापडतं. तारखेवार असत्या तर काका अजून तिथेच बसले असते. डेटाबेसमध्येही असंच. माहिती तक्त्यांत ठेवायची, आणि ज्या रकान्यावरून वारंवार शोधायचं त्याची सूची, म्हणजे इंडेक्स, करून ठेवायची. भाच्याचे तीन तक्ते झाले: गिऱ्हाइकं, ऑर्डरी आणि माल. ऑर्डरीत गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता पुन्हा लिहायचा नाही, फक्त त्याचा क्रमांक टाकायचा. पत्ता बदलला तर एकाच जागी बदलतो. या तक्त्यांशी बोलायची भाषा एसक्यूएल, आणि मला ती पीएचपीपेक्षाही जास्त मोलाची वाटते.

वही मराठीत असली की मात्र एक जास्तीचं झेंगट मागे लागतं, आणि इंग्रजी व्हिडिओत त्याचं नावही निघत नाही. भाच्यानं पहिली चाचणी ऑर्डर भरली आणि डेटाबेसमध्ये पाहिलं, तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. तक्ता लॅटिन लिपीसाठी आखलेला होता. ज्या अक्षराला तिथे जागाच नाही त्याच्या बदली प्रश्नचिन्ह पडलं, आणि मूळ अक्षर कायमचं गेलं. मग लिपीचं सेटिंग बदललं, तर नवंच निघालं. 'बाळासाहेब' नावाच्या गिऱ्हाइकाला फॉर्म म्हणे, 'नाव फार मोठं आहे'. भाच्यानं नावाची मर्यादा २० ठेवली होती. बाळासाहेबांत मोजा, काना-मात्रा सुटे धरले तरी नऊच. पण पीएचपीचं लांबी मोजणारं साधं फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणीतली घरं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'नाशिक' म्हणजे न, काना, श, वेलांटी, क: पाच चिन्हं, १५ बाइट. बाळासाहेब २७ बाइटचे, म्हणून दाराबाहेर. रोमन लिपीत तेच नाव नऊ बाइटांत मावतं आणि आत जातं. यावर उपाय म्हणजे 'एमबी'नं सुरू होणारी फंक्शनं वापरायची, ती चिन्हं मोजतात. आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये लिपी निवडताना 'यूटीएफ८एमबी४' घ्यायची. तिथल्या जुन्या 'यूटीएफ८'मध्ये एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात. मराठी त्यात मावते, पण कोणी पत्त्यापुढे द्राक्षाच्या घडाचा इमोजी टाकला तर तो चार बाइटचा असतो. द्राक्षाच्या साइटवर तो कोणीतरी टाकणारच, आणि टाकलाही.

हंगाम सुरू झाला. आता वही निसटल्याच्या दोन गोष्टी.

पहिली अशी. भाच्यानं भाव पानातच लपवून ठेवला होता. फॉर्ममध्ये न दिसणारा एक रकाना असतो, त्यात पेटीचा भाव, समजा ४०० रुपये. बटण दाबलं की पेट्यांची संख्या आणि भाव दोन्ही सर्व्हरकडे यायचे आणि स्क्रिप्ट गुणाकार करून बिल काढायची. त्याच्याच एका मित्रानं ब्राउझरमधली डेव्हलपरची खिडकी उघडली, लपलेल्या रकान्यात ४००चं १ केलं आणि दहा पेट्यांची ऑर्डर टाकली. बिल दहा रुपये. मित्र होता म्हणून हसत फोन केला. यजमानानं 'माझ्या पणजोबांनी अमुक दान दिलंय' म्हटलं तर गुरुजी वही बघतात, नुसत्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. तसंच भाव समोरून घ्यायचाच नाही. समोरून फक्त 'कोणती पेटी, किती' एवढंच घ्यायचं. भाव स्क्रिप्टनं स्वतःच्या वहीतून काढायचा. आणि 'किती' हेही तपासायचं. उणे तीन पेट्या मागितल्या तर? जावास्क्रिप्टनं ब्राउझरमध्ये केलेली तपासणी गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी असते, बंदोबस्तासाठी नाही. तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावीच लागते.

दुसरी गोष्ट डिसूझा कॉलनीनं शिकवली. तिथल्या कुठल्याशा बाईंनी इंग्रजीत पत्ता भरला आणि डिसूझामधल्या 'डी'पुढे शुद्ध इंग्रजी पद्धतीनं तो वरचा स्वल्पविराम दिला. स्क्रिप्ट कोसळली. भाच्याला वाटलं योगायोग. पण त्यांच्या शेजाऱ्यांचीही ऑर्डर तशीच पडली. मराठीतून 'कॉलेज रोड' लिहिणाऱ्यांचं मात्र बिनबोभाट चाललं होतं.

भानगड अशी होती. स्क्रिप्ट डेटाबेससाठी एक वाक्य जुळवायची. मराठीत मांडायचं तर: गिऱ्हाइकांच्या तक्त्यातून ती ओळ दे, जिथे आडनाव = 'कदम'. आडनावाभोवती एकेरी अवतरणचिन्हं. डेटाबेस त्या चिन्हांवरून ठरवतो की नाव कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं. पत्त्याचंही तसंच. डिसूझा कॉलनीच्या पत्त्यातच तसं चिन्ह आलं, त्यामुळे पत्ता 'डी'वरच संपला असं डेटाबेसला वाटलं, आणि उरलेलं 'सूझा' ही सूचना आहे असं समजून तो गोंधळला. बिचाऱ्या बाईंनी काही वाईट केलं नव्हतं. पण हेच कोणी जाणूनबुजून केलं तर? आडनावाच्या रकान्यात कोणी लिहिलं: कदम' किंवा '१'='१. आता जुळलेलं वाक्य वाचा: ती ओळ दे, जिथे आडनाव = 'कदम' किंवा '१'='१'. एक म्हणजे एक हे कुठल्याही ओळीसाठी खरंच असतं. डेटाबेस सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर समोर ओततो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. यजमानाला नाव विचारलं आणि त्यानं नावाऐवजी गुरुजींना हुकूम सोडला, आणि गुरुजींनी तो पाळला, असा हा प्रकार.

भाच्यानं ती चिन्हं शोधून गाळून टाकायला सुरुवात केली होती. तो मार्ग सोडा, कारण काही ना काही सुटतंच. आणि डिसूझा कॉलनीनं आपलं नाव का बदलावं? बरोबर रीत म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. आधी वाक्य डेटाबेसला देऊन टाकायचं, नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवून. वाक्याचा अर्थ तिथेच पक्का होतो. मग नाव वेगळं द्यायचं. आता त्या नावात काहीही असो, ते नावच राहतं, हुकूम होऊ शकत नाही. असंच उलट्या दिशेलाही. कोणी पत्त्यात स्क्रिप्टचा तुकडा लिहून ठेवला आणि तो पत्ता आपण तसाच पानावर छापला, तर तो बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालायला लागतो. म्हणून छापताना कोनी कंस निष्प्रभ करून छापायचे. पीएचपीत त्याला तयार फंक्शन आहे.

लॉगिन करताना आणखी एक अडचण येते. सर्व्हर फार विसरभोळा असतो. तुम्ही एक पान मागितलं, त्यानं दिलं, विषय संपला. पुढच्या क्षणी दुसरं पान मागितलं तर तुम्ही त्याला पुन्हा अनोळखी. १९९४मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी यावर कुकीची युक्ती काढली. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडसारखीच ती आहे. तिथला माणूस तुमचा चेहरा लक्षात ठेवत नाही, एक बिल्ला देतो. चपला त्याच्याकडे, बिल्ला तुमच्याकडे. लॉगिन झालं की सर्व्हर तुमची माहिती आपल्याकडे ठेवतो, ते सेशन. आणि ब्राउझरला एक लांबलचक, अंदाज न करता येणारा क्रमांक देतो, ती कुकी. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर तो बिल्ला दाखवतो. बिल्ला चोरीला गेला तर चपला चोराच्या पायात, म्हणून साइट एचटीटीपीएसवरच, म्हणजे वाटेत कोणाला वाचता न येणाऱ्या जोडणीवरच हवी. आणि बिल्ल्यावर 'हा माणूस मालक आहे' असं लिहून देऊ नये. भाच्यानं पहिल्यांदा तसंच केलं होतं. सांगूनही.

पासवर्ड वहीत जसाच्या तसा कधीही लिहायचा नाही, त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असं रूप, लिहायचा. पीएचपीत त्यासाठी २०१३पासून तयार फंक्शन आहे, स्वतःचं डोकं चालवू नये. ऑर्डर झाल्यावर गिऱ्हाइकानं पान रिफ्रेश केलं तर तीच ऑर्डर दुसऱ्यांदा पडते. म्हणून नोंद झाली की लगेच ब्राउझरला दुसऱ्या पानावर पाठवून द्यायचं. आणि पडदा नुसता पांढरा दिसला तर घाबरायचं नाही, एरर लॉग, म्हणजे सर्व्हर चुका नोंदवून ठेवतो ती फाइल, उघडायचा. त्यात फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक लिहिलेला असतो. मला येणाऱ्या दहातल्या आठ फोनांचं उत्तर तिथेच पडलेलं असतं.

शेवटच्या पेटीचं भांडण मात्र नीट सांगायला हवं. भाचा रोज ४० पेट्या तोडायचा. एका शनिवारी ४१ ऑर्डरी आल्या. स्क्रिप्ट तर बरोबर होती: माल किती शिल्लक बघ, शून्यापेक्षा जास्त असेल तर ऑर्डर घे, एक वजा कर. त्यानं कागदावर तीनदा तपासली. चूक कागदावर सापडणारी नव्हतीच. गंगापूर रोडवरून एकानं आणि नाशिक रोडवरून दुसऱ्यानं जवळजवळ एकाच वेळी बटण दाबलं. सर्व्हरवर एकच स्क्रिप्ट दोघांसाठी एकदमच चालू झाली. पहिलीनं वहीत पाहिलं: शिल्लक १. ती वजाबाकी करायच्या आत दुसरीनं पाहिलं: शिल्लक १. दोघींनी ऑर्डर घेतली. एकच वही दोन गुरुजींनी दोन बाजूंनी वाचली. लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे बटण दाबणारे आपण एकटे. उपाय असा, की बघणं आणि वजा करणं ही दोन कामं वेगळी ठेवायचीच नाहीत. डेटाबेसला एकाच वाक्यात सांगायचं: शिल्लक एकनं कमी कर, पण शिल्लक शून्याच्या वर असेल तरच. आणि मग विचारायचं, किती ओळी बदलल्या? एक बदलली तर ऑर्डर पक्की, शून्य बदलली तर 'माल संपला'. दोघांपैकी कोणाचं वाक्य आधी घ्यायचं ते डेटाबेस ठरवतो, आणि एका वेळी एकाचंच घेतो. त्या शनिवारी एक्केचाळिसाव्या गिऱ्हाइकाला आमच्या घरची पेटी गेली.

मार्च संपता संपता शेवटचा घोटाळा झाला. भल्या पहाटे फिरायला जाणारे काही लोक पाच वाजताच ऑर्डर टाकायचे, आणि नेमकी त्यांचीच पेटी यायची नाही. भाचा सकाळी सातला 'आजच्या ऑर्डरी' अशी यादी काढून टेम्पो भरायचा आणि या ऑर्डरी यादीत नसायच्या. त्या कालच्या तारखेत पडलेल्या असायच्या. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपली पहाटे पाचची ऑर्डर म्हणजे त्याच्या लेखी आदल्या रात्रीचे साडेअकरा. आपली वेळ कोणती ते पीएचपीला आणि डेटाबेसला, दोघांनाही वेगवेगळं सांगावं लागतं. पीएचपीला सांगायची ओळ एकच आहे आणि तिच्यात भारताचं नाव 'एशिया/कोलकाता' असंच लिहावं लागतं. भाच्यानं आधी 'एशिया/नाशिक' लिहून पाहिलं होतं. ती एरर अजून लॉगमध्ये आहे.